लायकॉमिंग आयओ-३६०: तेलाच्या अहवालात लोह ४१ आलं, आता कुठे बघायचं?

हँगर_शेड (धागाकर्ता)

सेसना १७२एस, इंजिन लायकॉमिंग आयओ-३६०-एल२ए, १८० अश्वशक्ती, ओव्हरहॉलनंतर साधारण ९४० तास. तेल एरोशेल डब्ल्यू१००, संप (इंजिनाखालची तेलाची टाकी) ८ क्वार्टचा, म्हणजे साधारण साडेसात लिटरचा. इंजिनाचे भाग झिजले की त्यांचा धातू तेलात येतो, तो किती आला हे लॅब मोजते. खाली अशा लागोपाठच्या तीन नमुन्यांचे आकडे देतोय. आकडे सरावासाठी बेतले आहेत, पण पावसाळ्यानंतर असा अहवाल हातात पडणं आपल्याकडे अगदी शक्य आहे. म्हणून एएमईची (विमान देखभाल अभियंत्याची) तयारी करणाऱ्यांनी आणि विमानमालकांनीही हा अहवाल ओळीओळीने वाचावा, असं वाटतं. सगळे आकडे पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग.

पहिला नमुना, फेब्रुवारी. तेलावर ५० तास, मधे घातलेलं तेल ५ क्वार्ट. लोह १८, ॲल्युमिनियम ५, क्रोमियम ३, निकेल २, तांबं ४, कथिल १, सिलिकॉन ६, शिसं ३६००.

दुसरा, मे. तेलावर ४९ तास, घातलेलं ५ क्वार्ट. लोह २०, ॲल्युमिनियम ६, क्रोमियम ३, निकेल २, तांबं ५, कथिल १, सिलिकॉन ११, शिसं ३५००.

तिसरा, सप्टेंबर. तेलावर ३१ तास, घातलेलं २ क्वार्ट. लोह ४१, ॲल्युमिनियम ६, क्रोमियम ४, निकेल २, तांबं ५, कथिल १, सिलिकॉन ८, शिसं २४००. शिवाय कॅल्शियम १४ आणि जस्त ९. आधीच्या दोन्ही नमुन्यांत ही दोन्ही शून्य होती.

जुलै-ऑगस्टमध्ये विमान सलग सहा आठवडे उडलेलं नाही. कॉम्प्रेशन ठीक, तेलाचा दाब आणि तापमान नेहमीचं. प्रश्न एवढाच की या ४१ चं काय करायचं?

---

टॅपेट

आधी ४१ हा आकडा बाजूला ठेवा. १८ आणि २० हे ५० तासांचे आकडे आहेत, ४१ हा ३१ तासांचा आहे. तासाला किती पडतं ते काढा.

१८ भागिले ५० म्हणजे ०.३६
२० भागिले ४९ म्हणजे ०.४१
४१ भागिले ३१ म्हणजे १.३२

म्हणजे लोह दुप्पट झालेलं नाही, तिपटीच्या पुढे गेलंय. अहवालावर नुसती नजर टाकणारा ‘डबल झालं’ म्हणून सोडून देईल.

---

क्वार्ट

दिशा बरोबर आहे, पण मधे घातलेलं तेल हिशेबात धरायला हवं. पहिल्या दोन खेपांना ५ क्वार्ट ताजं तेल पडलं, म्हणजे धातू पातळ झाला. तिसऱ्यात फक्त २.

काही जण संपमधलं तेल आणि घातलेलं तेल यांची सरळ बेरीज करून पीपीएमने गुणतात. तसं केलं तर आकडा फुगतो. जे तेल जळून किंवा ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीतून) गेलं, त्यातलं बरंचसं सुरुवातीच्या तासांत गेलं, तेव्हा त्यात धातू कमी होता. म्हणून गेलेल्या तेलाला सरासरी निम्मी तीव्रता धरावी. ढोबळ हिशेब आहे, पण तुलनेला पुरतो:

फेब्रुवारी: (८ + २.५) × १८ = १८९, तासाला ३.८
मे: (८ + २.५) × २० = २१०, तासाला ४.३
सप्टेंबर: (८ + १) × ४१ = ३६९, तासाला ११.९

तरीही पावणेतीन-तीन पट आहेच. ताजं तेल कमी पडल्याने आकडा थोडा चढा दिसतोय, पण नुसता तेवढ्यामुळे नाही.

आणखी एक. ८ क्वार्ट म्हणजे साधारण साडेसात लिटर, वजनाने पावणेसात किलोच्या आसपास. त्यात ४१ पीपीएम म्हणजे जेमतेम पाव ग्रॅम लोखंड. चिमटीतही येणार नाही एवढ्याचा हा हिशेब आहे. त्यामुळे नमुना घेताना झालेली बारीक चूकसुद्धा अहवालात ठळक दिसते.

---

पांढरा_कागद

नेमकं तेच म्हणायला आलो होतो. कॅल्शियम आणि जस्त कुठून आलं, याचं उत्तर मिळाल्याशिवाय तिसऱ्या नमुन्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका.

डब्ल्यू१०० हे राखरहित डिस्पर्संट (मळ तरंगत ठेवणारं) तेल. विमानाच्या पिस्टन इंजिनाच्या तेलात गाडीच्या तेलासारखी कॅल्शियम-जस्ताची ॲडिटिव्ह नसतात. ती जळून सिलिंडरमध्ये राख साचवतात, त्या राखेचे निखारे होतात आणि प्री-इग्निशनची (ठिणगीआधीच इंधन पेटण्याची) भीती राहते. म्हणून या दोन्ही रकान्यांत शून्याच्या आसपासच आकडा हवा. १४ आणि ९ म्हणजे कुणीतरी मोटारीच्या तेलाचं नरसाळं वापरलंय, किंवा बाटली आधी कशाला तरी वापरलेली होती, किंवा ग्रीसचा हात लागलाय.

हा आकडा लहान आहे. मोटारीच्या तेलात कॅल्शियम हजारोंनी असतं, म्हणजे भेसळ अर्ध्या-एक टक्क्याची. एवढ्या भेसळीतून लोह २० पीपीएमने वाढणार नाही. पण नरसाळ्याला गंज असेल तर गोष्ट वेगळी. नरसाळं, ड्रेनची नळी आणि बाटली आधी तपासा.

नमुना घ्यायची पद्धत पक्की करून टाका:

उड्डाण करून आल्यावर, इंजिन गरम असताना, अर्ध्या तासाच्या आत. थंड तेलात जड कण तळाशी बसतात. ड्रेनभोवतीची जागा आधी पुसून घ्या. पहिली धार वाया जाऊ द्या, मधल्या धारेखाली बाटली धरा, शेवटची धार घेऊ नका. बाटली लॅबने दिलेली, झाकण आयत्या वेळी उघडलेलं. बोटाने आत पुसायचं नाही, चिंधीने तर नाहीच.

फॉर्ममध्ये तेलावरचे तास, घातलेले क्वार्ट, ओव्हरहॉलनंतरचे तास आणि मधल्या काळात केलेलं काम (सिलिंडर बदलला, गॅस्केट बदलली, सीलंट लावलं) हे सगळं लिहा. हे नसेल तर लॅब अंदाज करणार आणि तुम्ही तो अंदाज खरा मानणार.

लॅबही बदलू नका. आयसीपी यंत्राचा आकडा आणि फिरत्या चकतीच्या स्पेक्ट्रोमीटरचा आकडा एकाच तेलाला सारखे येत नाहीत.

---

हँगर_शेड

नरसाळ्याचा मुद्दा घेतला, हे डोक्यातच आलं नव्हतं. शिशाबद्दल विचारायचंय. सगळीकडे वाचतो की शिशाकडे बघूच नका. मग तो रकाना देतात कशाला?

---

क्वार्ट

शिसं इंधनातून येतं, झिजेतून नाही, म्हणून तसं म्हणतात. १०० एलएल एव्हगॅसमध्ये (पिस्टन विमानांच्या पेट्रोलमध्ये) टेट्राएथिल लेड असतं. लिटरला जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम शिसं. तासाला ३५ लिटर धरा, ५० तासांत १७५० लिटर, म्हणजे ९८० ग्रॅमपर्यंत शिसं इंजिनातून गेलं. तेलातलं ३६०० पीपीएम म्हणजे २४ ग्रॅम, फक्त अडीच टक्के. उरलेलं एग्झॉस्टमधून बाहेर. बेअरिंगमधून आलेलं शिसं या ढिगाऱ्यात सापडणारच नाही. त्यामुळे बेअरिंग ओळखायला शिशाचा उपयोग शून्य.

पण रकाना अगदीच निकामी नाही. शिसं तेलात येतं ते पिस्टन रिंगच्या बाजूने खाली झिरपणाऱ्या वायूंबरोबर, म्हणजे ब्लो-बाय. वरच्याच पद्धतीने तासाचा हिशेब करा: फेब्रुवारी ७५६, मे ७५०, सप्टेंबर ६९७. वाढ नाही. ब्लो-बाय वाढलेला नाही, म्हणजे रिंगा आणि सिलिंडरची सीलिंग जशी होती तशीच आहे. कॉम्प्रेशन ठीक आहे, त्याच्याशी हे जुळतं.

(एव्हगॅस आता आपल्याकडेही बनतं. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये वडोदऱ्याच्या रिफायनरीतून १०० एलएल सुरू केलं, त्याआधी सगळं आयात व्हायचं.)

---

टॅपेट

@क्वार्ट, शिशाचा मुद्दा फार नेमका मांडलात. आता बाकीच्या धातूंकडे येऊ, कारण या अहवालातली खरी खूण ४१ नाही; बाकी सगळं जागेवर असताना एकटं लोह वर जाणं, ही ती खूण.

क्रोमियम: या इंजिनात सिलिंडर नायट्राइड केलेल्या (पृष्ठभाग कडक केलेल्या) पोलादाचे, म्हणून क्रोमियम रिंगांच्या चेहऱ्यावरून येतं. क्रोम मारलेला सिलिंडर असेल तर उलट, क्रोमियम सिलिंडरमधून येतं आणि रिंगा बिडाच्या असतात. क्रोम सिलिंडरला क्रोम रिंग कधी लावत नाहीत. म्हणून आपल्या इंजिनात कोणते सिलिंडर बसवलेत हे लॉगबुकातून आधी काढा, मग क्रोमियम वाचा. इथे ३ चं ४ झालं, तो फरक मोजण्याच्या चुकीतच जमा.

निकेल: एग्झॉस्ट झडपेचं गाइड (झडपेची दांडी जिच्यात सरकते ती नळी), किंवा निकेल-कार्बाइडचा थर दिलेले सिलिंडर. निकेल हळूहळू चढत असेल आणि सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिन एक-दोन मिनिटं तीनच सिलिंडरवर थरथरून मग सरळ होत असेल, तर अडकणारी झडप समजा. लायकॉमिंगच्या सर्व्हिस बुलेटिन ३८८ मधली गाइडची ढिलाई मोजायची तपासणी करा. तेलाचा पुढचा अहवाल येईपर्यंत थांबू नका, अडकलेली झडप पुशरॉड (झडप उघडणारी दांडी) वाकवते.

ॲल्युमिनियम: पिस्टन, आणि पिस्टन पिनचे प्लग. प्लग झिजू लागले की एकटं ॲल्युमिनियम उडी मारतं आणि फिल्टरमध्ये चंदेरी चमक दिसते. त्यासाठी सर्व्हिस इन्स्ट्रक्शन १४९२ आहे.

तांबं: रॉकरची आणि कनेक्टिंग रॉडच्या वरच्या टोकाची बुशिंग. तांब्याबरोबर कथिल चढलं तर मुख्य बेअरिंगचा विचार करा. इथे दोन्ही गप्प आहेत.

आता जोड्या लावा. सिलिंडर-रिंग झिजत असती तर लोहाबरोबर क्रोमियम, ॲल्युमिनियम आणि शिसं असे चौघेही चढले असते, शिवाय तेल जास्त लागलं असतं. इथे तेल तर उलट कमी लागलंय. लायकॉमिंगची कमाल मर्यादा ०.००६ × अश्वशक्ती × ४ ÷ ७.४ या सूत्राने येते. १८० अश्वशक्तीला तासाला ०.५८ क्वार्ट. आपण ०.१ च्या खाली आहोत.

म्हणून उरतात दोनच संशयित: गंज, किंवा कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा फिरता दांडा) आणि टॅपेट (त्यावर टेकून उचल पुढे देणारा भाग). दोघंही नुसतं लोह देतात.

---

धुळवड

सिलिकॉन मे महिन्यात ११ आणि मग ८, याकडे कुणीच बघितलं नाही. धुळे, बारामती, जळगाव, कुठलीही धावपट्टी घ्या, एप्रिल-मेमध्ये वावटळीत उभं असलेलं विमान धूळ ओढणारच. सिलिकॉनबरोबर लोह आणि ॲल्युमिनियम चढलं तर धूळ आत जाऊन सिलिंडर घासतेय असं समजा. इथे मे महिन्यात लोह जेमतेम २ ने चढलं, म्हणजे तशी वेळ आलेली नाही, पण हवेचा मार्ग बघून घ्यायला दहा मिनिटं लागतात. एअर फिल्टरची कड नीट बसते का, चौकटीला भेग आहे का, पर्यायी हवेची स्प्रिंगवाली झडप पूर्ण मिटते का, इनटेक नळ्यांच्या जोडाशी निळसर डाग आहेत का.

एकटंच सिलिकॉन चढलं तर बहुतेक वेळा सीलंट किंवा गॅस्केट. ऑइल फिल्टरच्या रबरी रिंगला लावतात ते डीसी-४ सुद्धा सिलिकोनच आहे. पातळ थर पुरतो, थापू नका.

---

उघडा_फिल्टर

एवढा वेळ लॅबच्या आकड्यांवर चर्चा चाललीय आणि फिल्टर कापल्याचा कुठे उल्लेख नाही. मला हे खटकतं. स्पेक्ट्रोमीटरला साधारण ५ ते ८ मायक्रॉनपर्यंतचेच कण दिसतात. कॅमचा चेहरा सोलून निघू लागला की पापुद्रे पडतात, ते त्याच्या कितीतरी पट मोठे. लॅबच्या यंत्राला ते दिसतच नाहीत. इंजिन पापुद्रे टाकत असताना लॅबचा अहवाल अगदी सोज्वळ येऊ शकतो. म्हणून पहिलं काम फिल्टर.

फिल्टर कटरनेच कापा, हॅकसॉने नाही. हॅकसॉ स्वतःचाच लोखंडी कीस फिल्टरमध्ये टाकते आणि मग दिवसभर तो कीस कुठून आला याचा शोध. डबा उघडला की कागदाची घडी दोन्ही टोकांच्या टोपणांलगत धारदार सुरीने कापून काढा. लांब पट्टी होईल. ती दोन फळ्यांमध्ये शिकंजात दाबून तेल निथळू द्या. मग उन्हात धरा. दिव्याखाली नाही, उन्हात. पट्टी किंचित हलवत राहायचं, चमक हलताना दिसते.

पांढऱ्या भांड्यात स्वच्छ सॉल्व्हंट घेऊन पट्टी धुवा. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून भांड्यात फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेलं सगळं कागदावर पडतं. चुंबकाला लागलं ते लोखंड-पोलाद. न लागलेल्या चंदेरी तुकड्यावर कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा थेंब टाका, बुडबुडे आले तर ॲल्युमिनियम. हातमोजे आणि चष्मा घालूनच. काळं, बोटात चुरडणारं असेल तो कार्बन, त्याची काळजी नाही.

संपमधली सक्शन जाळीही प्रत्येक तेलबदलाला काढून बघायची असते. मोठे तुकडे फिल्टरपर्यंत जातच नाहीत, तिथेच अडकतात. ती काढायला हात वाकडा करावा लागतो म्हणून हे काम राहून जातं. पुन्हा बसवताना नवीन गॅस्केट आणि सेफ्टी वायर. नवीन फिल्टर १६ ते १८ फूट-पाउंडाने आवळा, वायर लावा, इंजिन चालवून गळती बघा.

धुतलेली पट्टी फेकू नका. पिशवीत घालून तारीख आणि टॅकचे (इंजिनाच्या तासमापकाचे) तास लिहून ठेवा. पुढच्या खेपेला शेजारी ठेवून बघता येते.

---

पांढरा_कागद

@उघडा_फिल्टर, फिल्टर आधी, हे मान्य. पण लॅब निरुपयोगी, असा अर्थ कुणी घेऊ नये. गंजाचा भुगा आणि रिंगेची बारीक झीज फिल्टरच्या कागदातून आरपार जाते. ती लॅबलाच सापडते. दोन चाळण्या आहेत, वेगवेगळ्या जाडीच्या. दोन्हींच्या मधल्या आकाराचे कण मात्र दोघींनाही चुकवून जातात. म्हणून तिसरा डोळा बोरस्कोपचा (सिलिंडरच्या आत घालायच्या कॅमेऱ्याचा).

लायकॉमिंगचं सर्व्हिस लेटर एल१७१ याच विषयावर आहे. एका अहवालावरून निकाल देऊ नका, त्याच इंजिनाच्या आधीच्या नमुन्यांशी तुलना करा, हा त्याचा गाभा. ब्लॅकस्टोनसारख्या लॅब त्या मॉडेलच्या इंजिनांची सरासरी छापतात. ती बघावी, पण ती इतरांच्या इंजिनांची सरासरी आहे. तुमच्या इंजिनाचा नेहमीचा आकडा १८ असताना सरासरी ३० असली, तरी तुमच्यासाठी ३० वाढलेलंच.

---

टॅपेट

सहा आठवडे उभं राहणं, तेही जुलै-ऑगस्टमध्ये. यावर थोडं सविस्तर.

लायकॉमिंगमध्ये कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वर बसते. इंजिन थांबलं की तेल निथळून खाली जातं, कॅम आधी कोरडी पडते. क्रँककेसमधली दमट हवा, जळलेल्या वायूंची आम्लं, रात्री थंड होऊन धरलेला दव, सगळं तिच्यावर. आधी नुसते तांबूस ठिपके. इंजिन सुरू केलं की पहिल्या काही तासांत ते घासून जातात आणि तेलात लोह वाढतं. तिथवर थांबलं तर नशीब. ठिपक्याच्या जागी खळगा राहिला असेल, तर टॅपेटचा दाब त्या खळग्याच्या कडेवर येतो, कड तुटते, पापुद्रा निघतो, खळगा पसरतो. हे मग थांबत नाही.

चार सिलिंडरच्या या कॅमवर सहाच लोब (झडप उचलणारे उंचवटे) असतात. एग्झॉस्टचे चार स्वतंत्र, पण इनटेकचे दोनच. समोरासमोरचे दोन सिलिंडर एकच इनटेक लोब वापरतात. त्या लोबला दुप्पट मार. शोध तिथून सुरू करायचा.

उभ्या विमानाचं इंजिन जमिनीवर दहा मिनिटं चालवून ठेवणं हा उपाय नाही, अपाय आहे. तेलातलं पाणी उडत नाही, उलट ज्वलनातून नवीन पाणी तयार होतं. प्रोपेलर हाताने फिरवून ठेवणंही नको. कॅमवर जी काही तेलाची साय उरलेली असते ती पुसली जाते. सर्व्हिस लेटर एल१८० प्रमाणे तेल १६५ ते २०० फॅरनहाइट, म्हणजे ७४ ते ९३ सेल्सिअसवर सलग एक तास उड्डाण, तेही तीस दिवसांतून एकदा तरी. ते जमणार नसेल तर प्रिझर्व्हेशन तेल भरा, वरच्या स्पार्क प्लगांच्या जागी ओलावा शोषणारे प्लग लावा, ब्रीदर आणि एग्झॉस्ट बंद करा. आणि तेल ५० तास किंवा चार महिने, जे आधी येईल तेव्हा बदलायचंच. हे सर्व्हिस बुलेटिन ४८० मध्ये आहे.

डब्ल्यू१०० ऐवजी डब्ल्यू१०० प्लस किंवा १५डब्ल्यू-५० वापरता येईल. दोन्हींत गंजरोधक आणि लायकॉमिंगचं एलडब्ल्यू-१६७०२ जातीचं झीजरोधक असतं. बदललं तर अहवालात फॉस्फरस एकदम चढेल, दचकू नका. ओ-३२०-एच२एडीला, म्हणजे १९७७ ते १९८० च्या १७२एन मधल्या इंजिनाला, हे ॲडिटिव्ह सक्तीचं आहे, कारण त्याचे टॅपेटच तसे नाजूक निघाले.

---

गिअरबॉक्स

थोडं अवांतर. एनसीसीच्या पिपिस्ट्रेल व्हायरस एसडब्ल्यू ८० मधलं रोटॅक्स ९१२ किंवा तत्सम इंजिन असेल तर वरचं कॅल्शियम-जस्ताचं गणित लावू नका. त्याचं तेल मोटरसायकलच्या जातीचं, त्यात ती ॲडिटिव्ह असायलाच हवीत. गिअरबॉक्सही त्याच तेलावर चालतो, म्हणून लोह दातांमधूनही येतं. मॅग्नेटिक प्लग बघणं तिथे फिल्टरइतकंच महत्त्वाचं. आणि शिसं नसलेल्या पेट्रोलवर चालवत असाल तर शिशाच्या रकान्याला पुन्हा अर्थ येतो.

---

हँगर_शेड

आता सरावाचा दुसरा टप्पा. असं धरा: नरसाळं स्वच्छ निघालं, पण बाटली हँगरमधली जुनीच होती, म्हणजे कॅल्शियमचं कारण सापडलं. फिल्टरच्या पट्टीवर चुंबकाला लागणारे सात-आठ तुकडे, केसासारखे बारीक आणि आखूड. चपटे पापुद्रे नाहीत. सक्शन जाळी स्वच्छ. बोरस्कोपमध्ये १ आणि ३ नंबरच्या सिलिंडरच्या भिंतीवर फिकट तपकिरी पट्टा, क्रॉसहॅच (भिंतीवरच्या मुद्दाम काढलेल्या तिरप्या रेघा) शाबूत, उभे ओरखडे नाहीत. सिलिंडर काढायचा का?

---

उघडा_फिल्टर

नाही, एवढ्यावर काढायचा नाही. लायकॉमिंगच्या मार्गदर्शनाचा सर्वसाधारण सूर असा: मोजके चमकदार कण किंवा केसासारखे आखूड चुंबकीय तुकडे असतील तर विमान सेवेत ठेवा आणि २५ तासांनी फिल्टर पुन्हा बघा. असेच तुकडे पन्नासेक निघाले तर तेल बदला, जमिनीवर २० ते ३० मिनिटं चालवा, बघा, मग एक-दोन तास उडवा, बघा, मग १० तासांनी. पेन्सिलीच्या मोडलेल्या टोकाएवढा तुकडा निघाला तर विमान जागेवर उभं. सर्व्हिस बुलेटिन ४८० ची ताजी आवृत्ती उघडून त्यातल्या तक्त्याप्रमाणेच नोंद करा. सही एएमईची आहे, धाग्यावरची नाही.

सिलिंडर काढण्याबद्दल एक इशारा. थ्रू-बोल्ट सैल केले की क्रँककेसचे दोन अर्ध आणि मुख्य बेअरिंग यांच्यावरचा दाब जातो. त्या अवस्थेत क्रँक फिरवली तर बेअरिंगची शेल सरकू शकते. टॉर्क प्लेट लावल्याशिवाय प्रोपेलरला हात लावू नका, आणि बसवताना टॉर्क कोरड्या धाग्यावर घेऊ नका, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं वंगण लावून घ्या. नुसतं ‘आत बघूया’ म्हणून हे करायचं काम नाही.

त्याआधीची सोपी पायरी: रॉकर कव्हर काढून, टॅपेटचं हायड्रॉलिक युनिट तेल काढून कोरडं करून, प्रत्येक झडपेची उचल डायल गेजने मोजा. आठही आकडे एका कागदावर. एखाद्या लोबची उचल बाकीच्यांपेक्षा स्पष्ट कमी असेल तर सिलिंडर काढायला कारण मिळालं. या इंजिनात टॅपेटचं अंग आतल्या बाजूला रुंद असतं, केस उघडल्याशिवाय ते निघत नाही. म्हणून लोब खराब ठरला तर काम पूर्ण टिअरडाउनचं, म्हणजे इंजिन सुटं करण्याचं. मालकाला हे आधी सांगा.

---

क्वार्ट

पुढच्या नमुन्याचा आकडा काय आला म्हणजे काय समजायचं, हे आधीच लिहून ठेवा. नाहीतर आकडा हातात आल्यावर माणूस त्याला हवा तसा अर्थ लावतो.

तेल गरम असताना पूर्ण काढलं तरी कूलर, नळ्या आणि केसच्या कोपऱ्यांत जुनं उरतंच. आठात एक क्वार्ट धरा. ४१ चा आठवा हिस्सा म्हणजे ताज्या तेलाची सुरुवातच ५ वरून.

गंज होता आणि तो निघून गेला असेल तर वेग पुन्हा तासाला ०.३६ च्या आसपास येईल. १० तासांनी ३.६ अधिक ५, म्हणजे ९ च्या जवळ. २५ तासांनी ९ अधिक ५, म्हणजे १४.

कॅम सोलत असेल तर वेग १.३ राहील किंवा वाढेल. १० तासांनी १३ अधिक ५, म्हणजे १८. २५ तासांनी ३८.

म्हणून १० तासांना नमुना आणि फिल्टर दोन्ही. ९ ते ११ आला आणि फिल्टर स्वच्छ, तर २५ ला पुन्हा घ्या आणि मग नेहमीच्या ५० वर या. १८ किंवा वर आला, तर २५ ची वाट न बघता उचल मोजा. १३-१४ आला तर मधला मार्ग: फिल्टरमध्ये काय आहे त्यावर ठरवा, चपटा पापुद्रा एकही दिसला तर उचल मोजा.

१० तासांच्या नमुन्यासाठी तेल काढून टाकायची गरज नाही. स्वच्छ, नवीन नळी डिपस्टिकच्या तोंडातून सोडून हातपंपाने ओढता येतं. नळी तळाला टेकवू नका, दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवा. एक गोष्ट मात्र सांभाळा: १० आणि २५ चा नमुना नळीने घेतलात तर ५० चाही नळीनेच घ्या.

---

हँगर_शेड

आकडा आधीच लिहून ठेवायची पद्धत आवडली, ती घेतो. १८ चा आकडा आणि तारीख इंजिन लॉगच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवतो. उचलीच्या मोजणीला डायल गेज रॉकरवर कुठे टेकवायची, यासाठी वेगळा धागा काढतो. तिथे फोटो लागतील.